काठीच्या वाटेवर विणलेला दुरंगी गळपट्टा

काठीस जावयाचे म्हटले की नाशिकच्या आमच्या आळीत पहिला प्रश्न ठरलेला, "होळीला ना?" फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री तेथे राजवाडी होळी होते, आणि मोरपिसांचे उंच टोप घातलेल्या, अंगभर पांढरे ठिपके रंगविलेल्या पुरुषांची छायाचित्रे मागाहून वर्तमानपत्रांत येतात, एवढी ह्या गावाची ओळख पुष्कळांस असते. ते नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पोटात आहे, पश्चिम खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एकाची गादी तेथे होती, आणि १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख धुळ्याकडे मोडत असे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. आम्ही दोघी जावा तेथे गेलो आणि होळीही डोळे भरून पाहिली. परंतु आम्ही निघालो होतो ते पिशवीतला एक अर्धा विणलेला गळपट्टा पोहोचता करावयास.

तो ज्या मुलीसाठी होता ती आमच्या घरातली मधली. वडील जाऊबाईंची लेक. तीन वर्षांपूर्वी त्या भागातील एका निवासी शाळेवर शिक्षिका म्हणून गेली, ती दिवाळीत आणि मे महिन्यात तेवढी घरी येते. तिचे तिकडे राहणे जाऊबाईंस कधीच रुचले नाही. डोंगर, एकटी मुलगी, पावसाळ्यात दरडी कोसळणारा घाट, ह्या तिन्ही गोष्टी त्या एकाच श्वासात म्हणत. मार्गशीर्षात मुलीचा निरोप आला, की पहाटे दुचाकीवरून पाड्यांवर जावे लागते, वारा कानांत शिरतो, एखादा गळपट्टा विणून पाठवा. जाऊबाईंचे उत्तर तयार होते: "इकडे बदली करून घे, गळपट्टाच काय, शाल विणून देते." यंदा बदलीचा अर्ज करता येणार होता, आणि तो ती करील अशी आशा त्यांनी मनाशी धरली होती.

थंडीची तक्रार मात्र खोटी नव्हती. खानदेश म्हणजे ऊन, असे आपण शाळेत शिकलेलो असतो. तथापि ह्याच तालुक्यातल्या डाबच्या बाजूस कडाक्याच्या हिवाळ्यात दव गोठल्याच्या बातम्या येतात. सकाळी हात गारठावेत आणि दुपारी अंगावरचे कापड नकोसे व्हावे, असा तो प्रदेश. म्हणून मुलीने गळपट्ट्यास दोन अटी घातल्या होत्या. एक, तो ऊबदार असूनही जाळीदार असावा, म्हणजे दुपारी गळ्यात राहिला तरी जाच होणार नाही. दुसरी अट अधिक कठीण. तिच्याजवळ बाजारातून घेतलेला एक मफलर होता. तो वाऱ्याने उलटा होई, आणि वर्गात शिरताच पहिल्या बाकावरचा पोरगा सांगे, "बाई, उलटा घातलाय!" तेव्हा, उलटी बाजूच नसलेला गळपट्टा हवा.

तिसरी अट आमच्या कपाटाने घातली. घरात लोकर उरली होती ती दोन रंगांची. शेंदरी सुमारे शंभर ग्रॅम आणि राखी त्याहून थोडी अधिक. एकट्या कोणत्याही रंगात पुरा पट्टा निघाला नसता. माघाच्या सुरुवातीस एका संध्याकाळी जाऊबाईंनी काही न बोलता दोन्ही गुंडे बाहेर काढले आणि धाकटीपुढे ठेवले. शालीचे त्यांनी पुन्हा नाव काढले नाही.

विणकाम करणाऱ्या वाचकभगिनींस ही अडचण चटकन उमजेल. सुयांवरचा टाका जन्मतःच दोन तोंडांचा असतो. जो पुढून सुलट दिसतो तोच मागून उलट. नेहमीसारखी एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणली, तर पुढे वेणीसारख्या गुळगुळीत रांगा येतात, मागे खडबडीत दाणे येतात, आणि कडा गुंडाळून आत वळतात. मागावरच्या साध्या कापडास हे दुखणे नाही. धनगरी घोंगडे कसेही पांघरा, दोन्ही अंगांनी तेच. हातमागाच्या पैठणीची तर जुनी पारखच अशी, की पदर उलटून पाहावा. मागची नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ दिसली पाहिजे. विणकामात हा गुण आयता मिळत नाही. सगळ्याच ओळी सुलट विणल्या तर दोन्ही बाजू सारख्या होतात खऱ्या, परंतु त्यात दुसरा रंग आणला की जेथे रंग बदलतो तेथे मागच्या अंगास दोन्ही रंगांचे दाणे मिसळतात आणि पट्टी फाटल्यासारखी दिसते.

ह्यावर जगात दोन जुने तोडगे आहेत. पहिला दुहेरी विणीचा. एकाच सुईवर दोन कापडे पाठीस पाठ लावून विणावयाची. एकाचा टाका, मग दुसऱ्याचा टाका. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती' ह्या कादंबरीच्या अखेरीस एक म्हातारी दाई आहे, अ‍ॅना माकारोव्हना. ती एकाच वेळी दोन मोजे एकात एक असे विणते, आणि पुरे होताच मुलांच्या देखत एका मोज्यातून दुसरा ओढून काढते. त्यातली युक्ती हीच. वडील जाऊबाईंना हा प्रसंग तोंडपाठ आहे आणि दुहेरी वीणही येते. पण तिने कापड जाड होते, आणि जाळी काढावयाची तर दोन्ही थरांतली भोके अगदी समोरासमोर यावी लागतात. चैत्रातल्या दुपारी ते गळ्यात कोण ठेवणार?

दुसऱ्या विणीला पाश्चात्त्य बायका एका गोड फ्रेंच पावाचे नाव देतात, ब्रिओश. आमच्या घरात तिला 'पांघरूण-वीण' म्हणतात, आणि हे नाव आम्हांस अधिक रास्त वाटते, कारण तिच्यात प्रत्येक न विणलेल्या टाक्यावर दोऱ्याचे एक पांघरूण पडते. ती येथे थोडी सविस्तर सांगतो. ज्यांना सुया धरण्याची हौस नाही त्यांनी खुशाल पुढे अक्कलकुव्यास जाऊन आमची वाट पाहावी.

सुई दोन्ही टोकांनी मोकळी हवी, कारण ह्या विणीत काम न वळवता एकाच बाजूने दोनदा विणावे लागते. वायरने जोडलेली गोल सुई सर्वांत सोयीची. पातळ लोकरीस ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीची सुई घ्यावी. नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे. राखी लोकरीने ४१ टाके घालावेत. तयारीच्या ओळीत एक टाका सुलट विणावा, पुढचा न विणता दुसऱ्या सुईवर घ्यावा आणि घेताना दोरा त्याच्यावरून टाकावा. हेच त्याचे पांघरूण. असे शेवटपर्यंत. आता काम न वळवता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाशी सरकवावेत आणि शेंदरी दोरा घ्यावा. ज्यांवर पांघरूण आहे ते टाके पांघरुणासकट उलट विणावेत, आणि मधले राखी टाके न विणता त्यांवर शेंदरी पांघरूण घालावे. दोन्ही दोरे आता एकाच कडेस आले. येथे काम वळवावे, आणि वळवताना दोरे एकमेकांवरून एकदा घ्यावेत, म्हणजे कडेस भोक पडत नाही. मागच्या बाजूने हाच क्रम, फक्त राखी टाके उलट आणि शेंदरी सुलट. कडेचे दोन टाके साधेच ठेवावेत. त्यांस पांघरूण नको.

चारसहा ओळी झाल्या की चमत्कार दिसू लागतो. पुढच्या अंगास राखी रांगा उभ्या राहतात आणि शेंदरी त्यांच्या मागे खोल दडतो. पालटून पाहावे तो शेंदरी रांगा वर आणि राखी खोल. दोन्हीकडे सुलट टाकेच दिसतात. उलट टाके जातात कोठे? ते रांगांच्या मधल्या घड्यांत लपलेले असतात, ओढून पाहिल्याशिवाय हाती लागत नाहीत.

जाळीची पाने काढावयाची ती ह्या रांगा वाकवून. पुढच्या बाजूस राखी दोऱ्याने विणताना मधल्या, म्हणजे एकविसाव्या टाक्यातून पाच टाके काढावेत: सुलट, सुईवर दोरा, सुलट, दोरा, सुलट. चार टाके वाढले, म्हणून मध्याच्या दोन्ही अंगांना काही अंतरावर राखी, शेंदरी, राखी अशा तीन टाक्यांचा मिळून एक राखी टाका करावा. चार कमी झाले. हिशेब ४१ चा ४१, आणि रंगांचा क्रमही मोडला नाही. म्हणूनच ह्या विणीत वाढ आणि घट नेहमी दोनाच्या पटीत करतात. नव्या टाक्यांपैकी जे नुसत्या दोऱ्याचे आहेत त्यांवर पहिल्या खेपेस पांघरूण नसते, ते शेंदरी दोऱ्याने साधेच उलट विणावेत. दर चौथ्या वेळी पुढची बाजू आली की हे करावे. घट मध्याच्या जवळ केली तर पान निमुळते होते, दूर केली तर रुंद. सुई जाड आणि लोकर पातळ असल्याने टाके आपसूक मोकळे राहतात, वाढवलेल्या टाक्यांपाशी बारीक झरोके पडतात, आणि अशी जाळी तयार होते की पट्टा दिव्यापुढे धरला तर पलीकडची ज्योत दिसावी. एका बाजूस राखी पाने, दुसरीकडून तीच शेंदरी.

एक सूचना मात्र कळकळीची. ह्या विणीत टाका सुटला तर तो उचलणे जिकिरीचे, कारण त्याचे पांघरूणही निसटलेले असते. दर पंचवीसतीस ओळींनंतर सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून एक बारीक सुती दोरा ओवून ठेवावा. पुढे काही बिघडले तर तेथपर्यंत उसवावे. दोऱ्याखालचे काम सुरक्षित राहते. प्रवासात विणणाऱ्यांनी तर ह्यात हयगय करूच नये.

ह्या विद्येचा आपल्याशी तसा फार जुना संबंध नाही. सुयांवर विणलेल्या कापडाचे जुन्यातले जुने नमुने मिसर देशात सापडले आहेत. ते सुती मोजे, सुमारे हजार वर्षांच्या आतबाहेरचे, आणि पुष्कळसे निळ्यापांढऱ्या दोन रंगांचे. म्हणजे दोन रंगांचा मोह माणसाला विणकामाच्या बाळपणापासूनच आहे. आपल्या घरांत सुया आल्या त्या युरोपियन बायकांकडून आणि त्यांच्या शाळांतून. मग मुलींच्या शाळांतील विणकामाच्या तासाने त्या घरोघरी रुजविल्या. आमच्या सासूबाई ही पांघरूण-वीण एका मैत्रिणीकडून शिकल्या आणि सुनांना शिकवून गेल्या. त्यांनी ती कागदावर कधीच उतरवली नाही. म्हणून येथे इतके लिहिले.

आम्ही निघालो तेव्हा पट्ट्याचे दोन तृतीयांश काम झाले होते. नाशिकहून सटाणा, साक्री करीत नंदुरबारास पोहोचेपर्यंत चार पाने उतरली. खिडकीशेजारची जागा वडील जाऊबाईंची, विणण्याची पाळी मात्र आळीपाळीने. एकीने राखी फेरी विणावी, दुसरीने शेंदरी, असा क्रम आपसूक पडला. दोघींचा हात सारखा असल्याशिवाय हे साधत नाही. जाऊबाईंचा हात घट्ट आणि धाकटीचा सैल, म्हणून शेंदरी बाजू किंचित फुगीर आली आहे. तिला आम्ही खोड न म्हणता ऊब म्हणतो.

नंदुरबाराबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या होत्या. नजर जाईल तेथपर्यंत लाल जमीन, आणि बसच्या बंद काचेतूनही शिंका आणणारा ठसका. ह्या गावात १९४२ च्या सप्टेंबरात शिरीषकुमार आणि त्याचे बालसोबती गोळ्यांस बळी पडले, त्यांच्या स्मारकास नमस्कार करून पुढची गाडी धरली. हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडली की तळोदा, मग अक्कलकुवा. तेथपर्यंत केळी, ऊस आणि सपाट रस्ता. अक्कलकुव्यानंतर मात्र देवगोईचा घाट सुरू होतो, आणि सुया पिशवीत जातात. पानझडीचे रान, त्यात पळस पेटलेले. जाऊबाई शेंदरी लोकर पळसाशेजारी धरून पाहत होत्या आणि "आपला रंग थोडा फिका आहे" असे स्वतःशीच म्हणाल्या. एरवी त्या घाटभर गप्पच होत्या. एकेका वळणावर खालच्या दरीकडे पाहात आणि मग रस्त्याकडे. ह्या रस्त्याने आपली मुलगी पावसाळ्यातही जाते, हे त्या मोजत असाव्यात.

मोलगीस मुलगी उतरवून घ्यावयास आली होती. होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार ऐन भरात होता. सातपुड्यात होळीपूर्वीच्या आठवड्यात गावोगावचे बाजार ह्या नावाने भरतात. होळीस लागणारे गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार लोक तेथून नेतात, आणि ढोल-बासरीवर नाचूनही घेतात. पाड्यापाड्यांतून आलेल्या पावरा आणि भिल्ल बायकांच्या गळ्यांतले चांदीचे दागिने पाहण्यात आमचा अर्धा तास गेला. वाटेच्या कडेस एक म्हातारी बांबूच्या टोपल्या आणि सुपे घेऊन बसली होती. तिच्यापाशी टेकून जाऊबाईंनी पट्टा काढला, तोच तिने हात पुढे केला. आम्ही पानांकडे तिचे लक्ष वेधीत होतो; तिने ती पाहिलीसुद्धा नाहीत. आधी कड चाचपली, मग पट्टा पालटला, पुन्हा पालटला, आणि दोन दोरे जेथे एकमेकांवरून जातात त्या जागेवर नख ठेवून मुलीला काही विचारले. मुलीने सांगितले, "ती विचारते आहे, येथे कोणता वर आणि कोणता खाली, हे दर वेळी सारखे ठेवता का?" दर वेळी सारखे ठेवतो, असे कळल्यावर तिने मान हालवली आणि पट्टा परत दिला. आजवर आमच्या विणकामाची इतकी नेमकी परीक्षा कोणी घेतली नव्हती. बांबूच्या कामटीलाही एक सालीची चकचकीत बाजू असते आणि एक आतली फिकट. ती कोठे वर ठेवायची आणि कोठे खाली, ह्यातच तिचा जन्म गेलेला. आम्ही एक सूप घेतले. घासाघीस जाऊबाईंनी केली नाही, हे ज्यांना त्या माहीत आहेत त्यांच्यासाठी नमूद करतो.

होळीच्या रात्री काठीच्या मैदानावर पोहोचलो तेव्हा चंद्र बराच वर आला होता. येथील होळीची परंपरा १२४६ सालापासूनची सांगतात. तिचा दांडा म्हणजे सुमारे सत्तर फूट उंचीचा एकच बांबू. तो गुजरातच्या हद्दीतील रानातून खांद्यावरून आणतात, आणि तो रोवण्याचा खड्डा अवजार न लावता हातांनी खणतात. नवस बोललेले पुरुष, ज्यांस बावा आणि बुध्या म्हणतात, ते काही दिवस आधीपासून व्रतस्थ असतात. बाजेवर झोपत नाहीत, अंघोळ करीत नाहीत. अंगावर राखेचे आणि पांढऱ्या रंगाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेस वाळलेल्या भोपळ्यांची आणि घुंगरांची माळ. एकदम शंभर कमरा हालल्या की जो आवाज उठतो तो शब्दांत सांगता येणे नाही. प्रचंड ढोलांचा ठेका छातीच्या फासळ्यांत वाजतो. आपल्याकडे होळी संध्याकाळी पेटते आणि पुरणपोळी खाऊन आपण दहाला निजतो. येथे रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे.

छायाचित्रे घेणारे पुष्कळ होते. त्यांच्या दिव्यांचा लखलखाट सतत चाले, आणि एखाद्या बुध्यास हात धरून उजेडात उभे करण्याचा त्यांचा अट्टहास आम्हांस मुळीच आवडला नाही. तो मनुष्य व्रतात आहे, देवापुढे नाचतो आहे, हे त्यांच्या गावीही नसावे.

मध्यरात्रीनंतर थंडी जाणवू लागली. विजेच्या एका खांबाखाली घोंगडी अंथरून आम्ही शेवटच्या पानास हात घातला. मुलगी मधूनमधून गर्दीत जाई, परत येई. दर वेळी तिच्याभोवती दोनचार पोरे असत. तिला तेथे सगळे ओळखत होते, आणि ती त्यांच्या बोलीत बोलत होती. आईला न कळणारी भाषा लेकीच्या तोंडून ऐकताना जाऊबाईंचे टाके किंचित मंदावले. दोनच्या सुमारास एक बुध्या नाच सोडून आमच्यापाशी आला. अंगावरचे ठिपके घामाने ओघळलेले, कमरेचे भोपळे हाताने आवरून धरलेले. तो मुलीशी मिनिटभर बोलला, आम्हांस हात जोडले, आणि ढोलाच्या दिशेने गेला.

"काय म्हणाला?" जाऊबाईंनी विचारले.

"त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे. दिवाळीनंतर घरची सगळी ऊसतोडीला गुजरातेत गेली होती, तिलाही नेले होते. म्हणाला, होळी झाली की परत जायचे आहे, पण ह्या वेळी तिला शाळेत ठेवून जातो. बाई आहेत ना?"

"मग तू काय सांगितलेस?"

"आहे म्हणाले."

जाऊबाईंच्या हातात राखी फेरी होती. ती त्यांनी शेवटपर्यंत नेली, टाके सरकवले, सुई धाकटीकडे दिली. मग म्हणाल्या, "अर्जाची तारीख केव्हाची आहे?"

"होती, आई. गेल्या आठवड्यात गेली. मी भरला नाही."

बराच वेळ ढोलांखेरीज काही ऐकू आले नाही. आम्ही पुढच्या दोन फेऱ्या विणल्या. टाके बंद करण्याची पाळी आली तेव्हा जाऊबाईंनी पट्टा आपल्याकडे ओढून घेतला. ह्या विणीचे टाके सैल बंद करावे लागतात, नाहीतर टोक आवळते आणि सगळे पान बिघडते. त्यांचा घट्ट हात ठाऊक असल्याने धाकटीने ८ ऐवजी ६ नंबरची सुई पुढे केली. ती त्यांनी घेतली. शेवटचा दोरा आत ओवून झाला तेव्हा पूर्वेकडे उजळू लागले होते, आणि मैदानात एकदम गलका उठला. होळी पेटली. एवढा उंच बांबू खालून पेटत जाताना पाहणे म्हणजे काय असते, ते तेथेच जाऊन पाहावे. सगळे माणूसपण एका दिशेने मान वर करून उभे होते, आणि छायाचित्रेवालेही क्षणभर हात खाली करून पाहत राहिले.

पट्टा लांबीस साठ इंच आणि रुंदीस वीतभर झाला. मुलीने तो तेथेच गळ्यात टाकला, शेंदरी बाजू बाहेर करून. पोरांनी तिला घेरले. पहिल्या बाकावरचा तो टीकाकारही त्यांत होता. त्याने पट्ट्याचे टोक धरून पालटले, राखी बाजू पाहिली, पुन्हा पालटले, आणि कोणती उलटी हे ठरेना म्हणून बराच हिरमुसला.

शाळा आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिली. मुलींच्या खोलीत ओळीने पेट्या, भिंतीवर त्यांनीच काढलेली चित्रे, अंगणात मोहाचे झाड. मोहाची फुले नुकती गळू लागली होती; काही मुली ती वेचीत होत्या. बुध्याची मुलगी त्यांत आली होती, कापडी पिशवीत दोन कपडे घेऊन. जाऊबाईंनी तिला जवळ बसवून घेतले. उरलेली लोकर, राखी वीसेक ग्रॅम आणि शेंदरी त्याहून कमी, पिशवीत होती. दुपारपर्यंत त्या मुलीस आणि आणखी दोघींस टाके घालता येऊ लागले, आणि एकीस सुलट टाकाही साधला. सुया दोन जोड्या होत्या. त्या तेथेच राहिल्या.

परतीच्या प्रवासात घाटात जाऊबाई विशेष काही बोलल्या नाहीत. दरीकडे पाहणे मात्र ह्या वेळी कमी होते. तळोद्यापाशी त्यांनी लेकीला फोन लावला. आम्हांस वाटले, बदलीचे काही म्हणतील. त्यांनी सांगितले ते इतकेच, की ही वीण ओली झाली की लांबते, म्हणून गळपट्टा रिठ्याच्या पाण्यात धुवावा, पिळू नये, टॉवेलात गुंडाळून पाणी काढावे आणि सावलीत सपाट पसरून वाळवावा, तारेवर मुळीच टाकू नये; आणि डोक्यास टोपी लागणार असेल तर माप आताच कळव, म्हणजे लोकर पावसाळ्याआधी घेऊन ठेवता येईल.